फूल दिसायच्या आत

मृगाचा पाऊस पडला की जळकोटच्या माळावर सोयाबीन वर यायच्या आधी धुरे गाजर गवताने हिरवे होतात. पांढरी फुलं आल्यावर ते कुणीही ओळखतो, पण तोवर वेळ गेलेली असते. उगवल्यावर महिना-सव्वा महिन्यात ते फुलतं, एकेका झाडाला हजारो बिया धरतात आणि ओढ्याचं पाणी, ट्रॅक्टरची चाकं, शेणखत त्या रानोरान पोचवतात.

कोवळ्या रोपाला उभं खोड नसतं. बारीक कातरलेली, गाजराच्या पाल्यासारखी पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात. मग मधून लव असलेला, उभ्या रेघांचा दांडा उठतो. फुलं ज्वारीच्या दाण्याएवढी, पाचकोनी. एकदांडीही पांढरी फुलते; पण तिच्या लांब दांड्यावर एकच फूल असतं, मधोमध पिवळं. तिला राहू द्या, जखमेवर तिचा पाला लावतात.

आमच्या थोरल्या वहिनी खुरपणीत सगळ्यांच्या पुढे असायच्या. कित्येक वर्षं हे गवत त्यांनी उघड्या हातांनी उपटलं, काही झालं नाही. मग एका श्रावणात पापण्या सुजल्या. मान आणि कोपराची लवण खाजून खाजून काळी पडली. घरात सगळे घामोळं म्हणत होते. उदगीरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो गाजर गवताचा. अंग वर्षानुवर्षं सोसतं आणि एकदा बाधलं की सहसा पुन्हा पुन्हा बाधत राहतं. हात लावायलाही नको, वाळलेल्या गवताचा वाऱ्यावर उडालेला भुगाही पुरतो. वहिनींइतकं रान कुणाला कळत नाही, आणि आता त्यांनाच रानात जाता येत नाही. म्हणून ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक बाईला मी थांबवून सांगते.

पुण्यात हे गवत 1955 साली दिसलं, आज ते देशभर आहे. ओल असताना, फुलायच्या आत, मुळासकट उपटा. पूर्ण बाह्या, हातमोजे, ते नसतील तर प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा. नंतर साबणाने अंग धुवा. श्रमदानात लेकरांना या कामाला लावू नका. बिनफुलाचं गवत खताच्या खड्ड्यात चालतं. फुललेलं उकिरड्यावर टाकलं तर खताबरोबर बी परत शेतात येतं. पावसाळ्यात पानांवर काळ्या रेघांचे मेक्सिकन भुंगे दिसले तर धुऱ्यावर कीटकनाशक मारू नका. 1984 पासून ते गाजर गवत खाण्यासाठीच आपल्याकडे सोडलेले आहेत. मोकळ्या झालेल्या जागी तरोट्याचं बी फेका, तो गाजर गवताला दाबतो आणि कोवळा असताना भाजीलाही होतो.