अमोनियम नायट्रेट : गुणधर्म, धोके आणि सुरक्षित साठवण

दिनांक ४ ऑगस्ट २०२० रोजी लेबनॉनची राजधानी बैरूत येथील बंदरात प्रचंड स्फोट झाला. त्यात दोनशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले आणि शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. गोदामात सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट २०१४ पासून पडून होते. या घटनेनंतर काही दिवसांतच, चेन्नईजवळ २०१५ पासून जप्त अवस्थेत असलेला याच पदार्थाचा सुमारे ७०० टनांचा साठा हैदराबादकडे हलविण्यात आला. एकच रसायन, एकाच प्रकारची प्रशासकीय दिरंगाई. मात्र परिणाम भिन्न. यास्तव या क्षाराचा अभ्यास करताना रसायनशास्त्र आणि प्रशासन या दोन्ही अंगांचा विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

रासायनिक व भौतिक गुणधर्म

अमोनिया आणि नायट्रिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून अमोनियम नायट्रेट तयार होते. हा पांढरा, स्फटिकरूप आणि पाण्यात अत्यंत विद्राव्य असा क्षार आहे. तो पाण्यात विरघळताना सभोवतालची उष्णता शोषून घेतो. म्हणूनच दुखापतीवर लावावयाच्या तात्काळ थंड होणाऱ्या पिशव्यांत त्याचा वापर होतो. त्याच्या वजनात ३५ टक्के नायट्रोजन व ६० टक्के ऑक्सिजन असतो. नायट्रोजनामुळे तो पिकांना उपयुक्त ठरतो, तर ऑक्सिजनामुळे तो तीव्र ऑक्सिडीकारक बनतो. उपयुक्तता आणि धोका ही एकाच रचनेची दोन रूपे आहेत.

हा क्षार आर्द्रताशोषक आहे. शिवाय सुमारे ३२ अंश सेल्सिअस तापमानास त्याची स्फटिकरचना बदलते आणि आकारमान सुमारे साडेतीन टक्क्यांनी वाढते. आपल्याकडे उन्हाळ्यात दिवसा तापमान या मर्यादेच्या वर व रात्री अनेकदा खाली जाते. हे चक्र वारंवार घडल्यास दाण्यांना तडे जातात, भुकटी होते आणि ओलाव्यामुळे साठ्याची घट्ट ढेपळे बनतात. म्हणून गोदाम कोरडे, हवेशीर व शक्यतो थंड असणे आवश्यक ठरते.

विघटन कसे घडते?

शुद्ध अमोनियम नायट्रेट सामान्य तापमानास स्थिर असते. ते आपोआप पेट घेत नाही. सुमारे १७० अंश सेल्सिअसला ते वितळते आणि २०० अंशांच्या पुढे त्याचे विघटन वेगाने होऊन नायट्रस ऑक्साइड व पाण्याची वाफ निर्माण होते. तीव्र उष्णता, बंदिस्त जागा, जोरदार धक्का किंवा अशुद्धी यांची जोड मिळाल्यास हेच विघटन स्फोटाचे रूप घेते. घन पदार्थाचे क्षणार्धात अतितप्त वायूंत रूपांतर होते आणि त्यातून आघातलहर निर्माण होते. तेल, लाकडाचा भुसा, कागद यांसारखे ज्वलनशील पदार्थ, क्लोराइडे आणि काही धातूंची भुकटी यांच्या संपर्कामुळे धोका वाढतो. आगीच्या वेळी दिसणारा तांबूस-तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा असून तो फुप्फुसांना अपायकारक असतो.

इतिहासातील धडे

जर्मनीतील ओप्पाऊ येथे २१ सप्टेंबर १९२१ रोजी, ढेपळे बनलेला अमोनियम सल्फेट व नायट्रेटचा मिश्र साठा सुटा करण्यासाठी सुरुंग लावण्यात आले. पूर्वी असंख्य वेळा निर्धोक ठरलेल्या या पद्धतीने त्या दिवशी पाचशेहून अधिक बळी घेतले. अमेरिकेतील टेक्सास सिटी येथे १६ एप्रिल १९४७ रोजी एका जहाजावरील साठ्याला आग लागली. माल भिजू नये म्हणून पाण्याऐवजी तळघराची दारे बंद करून वाफ सोडण्यात आली. परंतु या क्षारात स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने हवा तोडून आग विझत नाही. उलट उष्णता व दाब वाढतो. त्या स्फोटात किमान ५८१ जण दगावले. अशा आगीवर सुरुवातीसच भरपूर पाण्याचा मारा करणे आणि आग साठ्यापर्यंत पोहोचल्यास परिसर त्वरित रिकामा करणे, हाच यातील धडा होय.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतील १४ एप्रिल १९४४ ची दुर्घटना अमोनियम नायट्रेटची नव्हती. तथापि ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापूस आणि स्फोटके एकत्र लादण्यात आली होती. विसंगत माल शेजारी ठेवू नये, हे तत्त्व येथेही तितकेच लागू पडते. या दुर्घटनेत हुतात्मा झालेल्या ६६ अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या स्मरणार्थ देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

भारतातील नियमन

भारतात हा पदार्थ प्रामुख्याने कोळसा, चुनखडी इत्यादींच्या खाणकामात वापरला जातो. रायगड जिल्ह्यातील तळोजा येथे त्याचे मोठे उत्पादन होते. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने, वजनाने ४५ टक्क्यांहून अधिक अमोनियम नायट्रेट असलेल्या मिश्रणांना विस्फोटक अधिनियम, १८८४ च्या कक्षेत आणले. त्यानंतर अमोनियम नायट्रेट नियम, २०१२ अमलात आले. उत्पादन, आयात-निर्यात, वाहतूक, विक्री व साठवण यांसाठी परवाना बंधनकारक झाला. या नियमनाची प्रमुख यंत्रणा असलेल्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजेच ‘पेसो’चे, मुख्यालय नागपूर येथे आहे. बैरूतच्या घटनेनंतर २०२१ मध्ये नियमांत सुधारणा झाली. बंदरात आलेला माल बंदरक्षेत्राबाहेरील गोदामात हलविणे, अग्निशमन व्यवस्थेत सुधारणा आणि जप्त साठ्याचा लिलाव करून त्याची जलद विल्हेवाट लावणे यांवर त्यात भर देण्यात आला.

समारोप

परवाना देताना साठ्याची नोंद होते. परंतु जप्त झालेला, वादग्रस्त अथवा बेवारस माल कोणाच्याच दैनंदिन जबाबदारीत राहत नाही. बैरूतमध्ये नेमके हेच घडले. खाणींसाठी हा पदार्थ उपयुक्त असल्याने त्यावर सरसकट बंदी व्यवहार्य नाही. मर्यादित साठा, विसंगत पदार्थांपासून अंतर, नियमित तपासणी, अग्निशमन दलास साठ्याची पूर्वसूचना आणि विल्हेवाटीची निश्चित कालमर्यादा हेच त्यावरील उपाय होत. उद्याच्या प्रशासकांच्या टेबलावर अशा साठ्याची फाईल येईल, तेव्हा तिच्यातील प्रत्येक दिवसाच्या विलंबाचा संबंध गोदामाभोवती राहणाऱ्या वस्तीशी असतो, याचे भान त्यांनी ठेवले पाहिजे.