लपणात बसण्याआधी

मे महिन्यात येलदरी जलाशयाचं पाणी मागे सरतं आणि गाळपेराच्या पलीकडे गोट्यांची उघडी पट्टी राहते. टिटवी तिथे अंडी घालते. घरटं कसलं, नुसता उथळ खळगा आणि त्यात मांडलेले खडे. अंडी बहुधा चार, मातकट, काळ्या डागांची. पाय पडायची वेळ आली तरी दिसत नाहीत. मला दिसली आणि मी हुरळलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा फुटांवर नवं कोरं कापडी लपण उभं केलं. हिरव्या पानांची छपाई असलेलं कापड, खाली करड्या गोट्यांचं रान. वाऱ्याने ते फडफडत होतं. आत गुदमरायला लागलं म्हणून मागची खिडकी उघडी टाकली. त्या उजेडासमोर माझं डोकं, हात, कॅमेरा सगळं पुढून स्वच्छ दिसत असणार, हे तेव्हा सुचलं नाही. नर-मादी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत राहिले. आता बसेल, मग बसेल, असं म्हणत मी तासभर वाट पाहिली. ऊन चढत होतं. मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगर मामांनी लांबूनच हाक दिली, "उठा सर तिथून. अंडी उकडायलीत!"

मी उठलो. टिटवी परत येऊन बसली. पुढे महिनाभर मी लांबून दुर्बिणीने पाहत होतो. साधारण चार आठवड्यांत पिल्लं निघतात, तिथे एकही निघालं नाही. शेवटी तिने जागा सोडली.

1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी नासवणं, घरट्यांना धक्का लावणं हेही शिकारीच्याच व्याख्येत येतं. हातात बंदूक नव्हती, एवढाच माझा फरक.

लपण कसं असावं हे मला त्या मामांनी शिकवलं. पाखरू कापडाला भीत नाही, हलण्याला भितं, असं ते म्हणाले. मेंढरं जवळून गेली तर टिटवी कालवा करते, पण लांब जात नाही. उभा माणूस दिसला की उठते. फासेपारधी पूर्वी तित्तिरांमागे शिकवलेल्या गाईच्या आडून जात, ते याच कारणाने. त्या विद्येतला संयम आपण छायाचित्रकारांनी घ्यायला हवा.

म्हणून जागेवर जे आहे तेच वापरा. शेताच्या बांधावर तुराट्या, पऱ्हाट्या. माळावर मातीत मळवलेलं बारदान. लपण आधी लांब उभं करा आणि दोन-तीन दिवस रिकामंच राहू द्या. कापड ताणून बांधा, कडांवर दगड ठेवा. आतून काळं कापड लावा. मागची आणि बाजूची खिडकी बंद म्हणजे बंद. पांढरा रुमाल, चकाकणारं घड्याळ घरी ठेवा. उजाडण्यापूर्वी आत शिरा. उशीर झालाच तर सोबत्याला घेऊन जा आणि तुम्ही बसल्यावर त्याला उघडपणे चालत परत जाऊ द्या. पुष्कळदा पक्ष्यांना लपण रिकामं झालं असंच वाटतं. लेन्स बाहेर काढायची नाही, फिरवायची तर अगदी सावकाश. बाहेर पडायची घाईही नको. कावळे माणसावर नजर ठेवून असतात. आपण कुठून उठलो ते त्यांना कळतं, आणि मग घरटंही सापडतं.

एवढं सगळं जमलं, तरी अंड्यांपाशी लपण लावू नका. तिथे आपली एक चूक अंड्यांना सोसत नाही. कडक उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवते आणि तो ओलावा अंड्यांवर नेते. काठावर, घरट्यापासून पुष्कळ लांब बसा. पोट भिजवायला ती पाण्यावर येईल, फोटो तिथे काढा.