तरुण दिसण्याच्या सुईत असते तरी काय?

‘सॅमन डीएनए’, ‘व्हॅम्पायर फेशियल’ ही नावे आता मोबाईलमधून आपल्या घरांतही पोचली आहेत. सुरकुत्या जातील, चेहरा उजळेल, असे सांगितले जाते. भगिनींनो, दर विचारण्याआधी सुईत काय आहे ते समजून घेऊ.

बोटॉक्स हे बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे विष. बिघडलेल्या डबाबंद अन्नातून ते पोटात गेले तर माणूस दगावू शकतो. अतिशय थोड्या मात्रेत ते स्नायू तीन-चार महिने सैल ठेवते, म्हणून सुरकुती दिसत नाही. अमेरिकेत २००२ साली भुवयांमधल्या सुरकुत्यांसाठी त्याला मंजुरी मिळाली.

फिलरमध्ये बहुधा हायलुरॉनिक ॲसिड असते. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता मुख्यतः जिवाणूंकडून बनवून घेतात. ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्वचा मरते, क्वचित दृष्टीही जाते.

‘सॅमन डीएनए’ माशाच्या वीर्यातून काढतात. दक्षिण कोरियात ही सुई फार चालते.

हे वाचून किळस येईल. पण किळस म्हणजे धोका नव्हे. मधुमेहाचे इन्सुलिन कित्येक वर्षे डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढत होते, त्याने लाखो जीव वाचवले. धोका कुठे असतो, ते पुढच्या घटनेवरून कळेल.

व्हॅम्पायर फेशियलमध्ये आपलेच रक्त काढतात, यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा करतात आणि बारीक सुयांनी चेहऱ्यात सोडतात. यात परके काहीच नाही. तरीही अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात २०१८ साली असे फेशियल केलेल्या एका महिलेला एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले. तिला दुसरा कोणताही धोका नव्हता. तपासणीत त्या स्पाकडे परवाना नसल्याचे दिसले. नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये खाण्याच्या वस्तूंबरोबर होत्या, उघड्या सिरिंज इकडेतिकडे पडल्या होत्या. आणखी ग्राहकही बाधित निघाल्या. सौंदर्याच्या सुईतून एचआयव्ही झाल्याची ही पहिली नोंद २०२४ साली प्रसिद्ध झाली.

आम्ही नर्स मंडळी पहिल्या वर्षीच शिकतो : एक सुई, एक सिरिंज, एक माणूस, एकच वेळ. हा नियम मोडला की आपले स्वतःचे रक्तही सुरक्षित राहत नाही.

म्हणून हे लक्षात ठेवा :

• सुई ब्यूटी पार्लरमध्ये घेऊ नका. देणारा नोंदणीकृत डॉक्टर आहे का, ते विचारा.
• सीलबंद बाटली आणि नवी सुई आपल्यासमोर उघडायला सांगा. औषधाचे नाव व मुदत वाचा, पावती घ्या.
• सुईनंतर त्वचा पांढरी वा निळसर पडली, तीव्र वेदना झाल्या किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच क्षणी मोठे रुग्णालय गाठा.
• अशी सुई कुठेतरी घेऊन झाली असेल तर घाबरू नका, लपवूही नका. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते. कावीळ ‘बी’ आणि ‘सी’च्या तपासणीबद्दलही तिथेच विचारा.

प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हातून सुई घेऊ नये.