आडवळणाचे शब्द

जालना शहरात "तो एमआयडीसीत कामाला आहे" हे वाक्य रोज कोठे ना कोठे ऐकू येते. या वाक्याचा शब्दशः अर्थ घेतला, तर तो मनुष्य महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या कचेरीत नोकरीस असावयास हवा. कारण ती चार अक्षरे या महामंडळाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत. १९६२ साली हे महामंडळ स्थापन झाले. उद्योगांसाठी जमीन, रस्ते, पाणी यांची सोय करून द्यावी, हे त्याचे काम. लोकांनी मात्र महामंडळाचे नाव त्याने वसविलेल्या वसाहतीलाच देऊन टाकले. ज्याच्याविषयी हे वाक्य बोलले जाते, तो बहुधा लोखंडी सळयांच्या एखाद्या कारखान्यात भट्टीपाशी उभा असतो. महामंडळाची कचेरी त्याने कदाचित पाहिलेलीही नसते. तरीसुद्धा ऐकणाराचा घोटाळा होत नाही. रोजच्या व्यवहारातील भाषा अशीच असते. शब्दकोशापेक्षा वापराचे ती अधिक ऐकते.

जालन्याची ख्याती दोन गोष्टींसाठी आहे: बियाणे आणि पोलाद. येथील औद्योगिक वसाहतीत मराठवाड्यातील खेड्यांतून आलेले कामगार आहेत, तसेच उत्तर भारतातून पोट भरण्यासाठी आलेलेही आहेत. साहजिकच मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तीन भाषा तेथे एकाच डब्यातील जेवणासारख्या एकमेकींत मिसळतात. या मिश्रणात इंग्रजी शब्दांचे अर्थही बदलून जातात. एखादा तरुण औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून "पास आउट झालो" असे अभिमानाने सांगतो. लंडनच्या रहिवाशाने हे ऐकले, तर हा मुलगा बेशुद्ध पडला होता की काय, अशी शंका त्याला येईल. कारण त्याच्या रोजच्या बोलण्यात 'पास आउट' म्हणजे शुद्ध हरपणे. गंमत अशी की, सैनिकी शिक्षण पुरे करणाऱ्यांच्या संचलनासाठी हाच शब्द इंग्रजांनीही वापरला आहे. आपल्याकडे मनुष्य 'एक्सपायर' होतो आणि औषधाची बाटलीही 'एक्सपायर' होते. भाषेच्या शुद्धतेविषयी दक्ष असणाऱ्या लोकांच्या कपाळाला असे शब्द ऐकून आठ्या पडतात. "गोल सर्कल", "परत रिटर्न", "लेडीज बायका" ही द्विरुक्ती तर त्यांना सहनच होत नाही. त्यांचा राग समजण्यासारखा आहे; परंतु अशा बोलण्याने कोणाचे नुकसान होत नाही. ऐकावे, थोडे हसावे आणि पुढे जावे, इतकीच त्यांची योग्यता.

शब्दांच्या आडवळणाचा दुसरा प्रकार याहून जुना आणि अधिक अर्थपूर्ण आहे. अशुभ, दुःखद किंवा लाजिरवाणी गोष्ट उघड्या शब्दांत बोलू नये, असे मनुष्याला फार पूर्वीपासून वाटत आले आहे. मराठी घरांत याची उदाहरणे पावलोपावली आढळतात. घरातून निघणारा मनुष्य "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. बांगडी फुटली, तरी ती 'वाढवली' असे म्हणावयाचे. देवापुढे नारळ फोडावयाचा, तोही 'वाढवावयाचा'. दिवा विझला असे न म्हणता तो 'शांत झाला' असे म्हणतात. रात्रीच्या वेळी सापाचे नाव न घेता त्याला 'लांबडे' किंवा 'जनावर' म्हणण्याची खेड्यापाड्यांतून रीत आहे. ज्या भयंकर रोगाने असंख्य माणसांचे प्राण घेतले, त्याला आपल्या पूर्वजांनी 'देवी' असे आदराचे नाव दिले. १९८० साली त्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा झाली; भाषेत मात्र ते नाव अजून शिल्लक आहे. सरळ न सांगता आडवळणाने सांगण्याच्या या रीतीला अलंकारशास्त्रात पर्यायोक्ती असे म्हणतात.

ही रीत केवळ आपलीच नव्हे. प्राचीन ग्रीक लोकांना काळ्या समुद्राचे फार भय वाटे. आरंभी त्यांनी त्याला 'पाहुण्यांचा वैरी' असे नाव दिले होते. पुढे तेच नाव बदलून त्यांनी त्याला 'पाहुण्यांचे स्वागत करणारा समुद्र' म्हणावयास सुरुवात केली. नाव बदलल्याने वादळे काही थांबली नाहीत; पण नाव घेणाराच्या मनाला धीर आला असेल. मृत्यूची वार्ता सांगताना 'देवाज्ञा झाली' असे म्हणण्यातही हाच हेतू असतो. ज्याच्या घरी दुःख ओढवले आहे, त्याच्या जखमेवर शब्दाचा आणखी आघात होऊ नये, ही त्यामागील दृष्टी. अशा ठिकाणी आडवळणाचा शब्द हा दयेचा शब्द असतो.

तथापि प्रत्येक आडवळणामागे दयाच असते, असे नाही. कारखान्यातून एखाद्याला कामावरून दूर केले, म्हणजे "त्याला नारळ मिळाला" असे आपण म्हणतो. मान्यवर पाहुण्याला निरोप देताना हातावर नारळ ठेवावयाचा, ही आपली पद्धत. तिचाच उपयोग येथे थट्टेने केलेला आहे. इंग्रजीत याच प्रसंगी मनुष्याला 'जाऊ दिले' असे म्हणतात. जणू तोच जाण्यासाठी उतावीळ झाला होता! शेकडो माणसे कमी केली, तर कारखान्याचा आकार 'योग्य केला' असेही सांगण्यात येते. मराठी नारळात निदान उघड टोचणी आहे. इंग्रजी शब्दांत मात्र नोकरी गेलेला मनुष्य दिसेनासाच होतो. म्हणून कोणताही गोड शब्द कानावर आला, की त्याचा गोडवा कोणाच्या सोयीसाठी आहे, हे पाहिले पाहिजे.

शब्दाचा गैरसमज जिवावरही बेतू शकतो. बेंजामिन ली व्होर्फ हा अमेरिकन भाषाभ्यासक एका आगविमा कंपनीत नोकरीस होता. कारखान्यांत आगी का लागतात, याची चौकशी करणे हे त्याचे काम. १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्याने एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. पेट्रोलने भरलेल्या पिंपांजवळ कामगार फार जपून वागतात. परंतु 'रिकाम्या' पिंपांजवळ ते निर्धास्तपणे धूम्रपान करतात. वास्तविक रिकामे पीपच अधिक घातक. कारण त्यात पेट्रोलची वाफ कोंडलेली असते आणि ती हवेत मिसळली, की एका ठिणगीने स्फोट होतो. पीप रिकामे आहे हे खोटे नव्हते. पण 'रिकामे' या शब्दाबरोबर 'निरुपद्रवी' हा अर्थही मनात शिरला आणि त्याने घात केला.

जालन्याच्या पोलाद कारखान्यांत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तेथे भंगार वितळवून त्यापासून सळया तयार करतात. भट्टीतील पोलादाचे तापमान १,५०० अंश सेल्सिअसहून अधिक असते. भंगारात एखादे तोंड बंद असलेले 'रिकामे' सिलिंडर किंवा नळकांडे आले आणि ते तसेच भट्टीत पडले, तर आतील हवा वा ओल क्षणार्धात तापून स्फोट होतो. पाण्याची वाफ झाली, म्हणजे तिला मूळच्या सुमारे सोळाशेपट जागा लागते. मग बंद नळकांडे ती कशी आवरणार? यासाठी भंगार निवडणाराने 'रिकामे' या शब्दावर विसंबता कामा नये.

याहून विलक्षण कथा आहे ती टँकरवर रंगविलेल्या 'इन्फ्लेमेबल' या शब्दाची. त्याचा अर्थ 'सहज पेट घेणारे' असा आहे. परंतु इंग्रजीत शब्दाच्या आरंभीचा 'इन' पुष्कळदा नकार दाखवितो. त्यामुळे 'पेट न घेणारे' असा नेमका उलटा अर्थ कोणी करील, अशी भीती होती. मराठीत 'निर्धन' म्हणजे धन नसलेला. म्हणून 'निवास' म्हणजे वास नसलेला असे कोणी समजावे, तसाच हा प्रकार! म्हणून विसाव्या शतकात अग्निसुरक्षेच्या जाणकारांनी 'इन' काढून टाकून 'फ्लेमेबल' हा शब्द वापरावा, असा आग्रह धरला. भाषेच्या अभिमान्यांना हा शब्द ओबडधोबड वाटला. पण जीव वाचविणाऱ्या शब्दाला सौंदर्याची परीक्षा द्यावी लागत नाही. मराठी 'ज्वालाग्राही' या शब्दात असा संशय नाही. ज्वाला ग्रहण करणारे ते ज्वालाग्राही.

मराठी बोलण्यातही सावध राहण्याजोगे शब्द आहेत. वीजपुरवठा बंद पडला, की "लाइट गेली" असे म्हणतात. 'गेली' म्हणजे कायमची गेली, असे समजून कोणी यंत्रात हात घातला आणि त्याच क्षणी ती परत आली, तर अनर्थ ओढवतो. यासाठी यंत्राच्या दुरुस्तीपूर्वी मुख्य कळ बंद करून तिला कुलूप लावतात व वर पाटी टांगतात. त्याचप्रमाणे अपघात होता होता टळला, म्हणजे कारखान्याच्या इंग्रजीत त्याला 'निअर मिस' म्हणतात आणि त्याची नोंद करतात; आज टळलेला अपघात उद्या कोठे होईल, हे त्या नोंदीवरून कळते. आपण मात्र "थोडक्यात निभावले" असे म्हणतो, देवाला हात जोडतो आणि ती गोष्ट तेथेच संपवितो. कृतज्ञता योग्यच आहे. पण नोंद झाल्यावाचून दुसऱ्याचा जीव वाचत नाही.

१९४८ च्या कारखाना अधिनियमात, कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, अशी तरतूद करण्यात आली होती. तिच्यामागील विचार कोणत्याही काळी खराच राहील. सांत्वनाचा शब्द मृदू असावा, निरोपाचा शब्द मंगल असावा. धोक्याच्या पाटीवरील शब्द मात्र सरळ, उघडा आणि वाचणाराच्या भाषेतला असावा. कोठे आडवळण घ्यावे आणि कोठे सरळ जावे, हे ज्याला कळले, त्याला भाषा आली असे म्हणावे.

स्वाध्याय

१. 'एमआयडीसी' या शब्दाचा अर्थ लोकव्यवहारात कसा बदलला?
२. आडवळणाचा शब्द दयेचा केव्हा ठरतो? पाठाच्या आधारे दोन उदाहरणे द्या.
३. भरलेल्या पिंपापेक्षा रिकामे पीप अधिक घातक का?
४. 'नारळ मिळणे', 'देवाज्ञा होणे', 'जिवावर बेतणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरात अशुभ टाळण्यासाठी वापरले जाणारे पाच शब्दप्रयोग वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.
६. शाळेतील प्रयोगशाळेसाठी धोक्याची एक पाटी सरळ मराठीत तयार करा.