घरी जाणारे साप्ताहिक पत्र

शाळेने घराला काय कळवावे, केव्हा कळवावे आणि कोणत्या शब्दांत कळवावे, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. शिक्षकाचे लक्ष साहजिकच पाठाकडे, फळ्याकडे व वह्यांकडे असते. तथापि एखाद्या मुलाचा शाळेतील दिवस आनंदात जाईल की मान खाली घालून जाईल, हे पुष्कळदा आधीच्या आठवड्यात घरी गेलेल्या चार ओळींवर अवलंबून असते. या दृष्टीने इंग्लंडमधील कॅथलिक प्राथमिक शाळांत रूढ असलेली साप्ताहिक पत्राची पद्धत शिक्षकबंधुभगिनींनी अभ्यासण्याजोगी आहे.

पत्राचे स्वरूप

इंग्लंड व वेल्स मिळून कॅथलिक शाळांची संख्या सुमारे २,००० असून त्यांत प्राथमिक शाळाच अधिक आहेत. बहुतेक शाळा सरकारी अनुदानावर चालतात व त्यांत शिक्षणासाठी फी आकारली जात नाही. चार-पाच वर्षांचे मूल शाळेत दाखल होते आणि अकराव्या वर्षी माध्यमिक शाळेत जाते. अशा शाळांतून आठवड्याच्या अखेरीस, बहुधा शुक्रवारी, मुख्याध्यापकांचे एक पत्र घरोघर जाते. पूर्वी ते मुलाच्या दप्तरातून जात असे. आता बहुधा ईमेलने वा मोबाइलवरून जाते.

पत्राची मांडणी साधारणतः ठरलेली असते. आरंभी येत्या रविवारच्या शुभवर्तमानातील बोधावर दोन-तीन वाक्ये किंवा छोटीशी प्रार्थना असते. त्यानंतर आठवड्याचे वृत्त येते : कोणत्या वर्गाने मिस्सेत गायन केले, कोणी वाचनात प्रगती केली, शाळेच्या बागेत काय लावले. मग वर्गवार हजेरी, आणि त्यापुढे स्मरणसूचना : कपड्यांवर नाव घालावे, पाण्याची बाटली द्यावी, डोक्यात उवा आहेत का ते पाहावे. शेवटी पुढील तारखांची यादी असते. वर्ष सप्टेंबरात सुरू होऊन जुलैत संपते, त्यामुळे नाताळच्या नाटुकल्याची तारीख शरद ऋतूतच घराला कळलेली असते.

पत्रामागील विचार

ही पद्धत केवळ सोयीसाठी पडलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी शिक्षणविषयक घोषणापत्र प्रसृत केले. मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक त्यांचे आईवडीलच होत, हा त्यातील एक मूलभूत विचार आहे. या विचाराने पाहिल्यास शाळा ही आईबापांच्या कार्यात साहाय्य करणारी संस्था ठरते. आणि ज्याचे कार्य आहे त्याला वृत्त देणे हे साहाय्यकाचे कर्तव्यच होय.

याच सुमारास, १९६७ साली, इंग्लंडमधील प्राथमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या प्लाउडेन समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. शाळाप्रवेशापूर्वी पालकांची भेट, वर्षातून ठरावीक वेळी खासगी बोलणे, माहितीपुस्तिका, लेखी प्रगतिवृत्त, आणि जे पालक शाळेकडे फिरकत नाहीत त्यांच्याशी संपर्क साधण्याचा खास प्रयत्न, असा किमान कार्यक्रम समितीने सर्व शाळांसाठी सुचविला. यातील शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे. जे पालक शाळेत येतात, त्यांना पत्र गेले नाही तरी चालते. पत्राची खरी गरज न येणाऱ्यांना असते.

एका आठवड्याचा पाठ

२०२५ सालच्या मार्च महिन्यातील पहिला आठवडा उदाहरणादाखल घ्यावा. त्या वर्षी बुधवार, ५ मार्च रोजी राखेचा बुधवार होता; त्या दिवशी ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा आरंभ होतो व उपासनेत कपाळावर राख लावली जाते. लगेच गुरुवारी, ६ मार्च रोजी, ब्रिटनमधील शाळांचा पुस्तक दिन होता. पुढील आठवड्यातील शुक्रवारी, १४ मार्चला, कॅफड या कॅथलिक साहाय्यसंस्थेचा कौटुंबिक उपवासदिन होता. त्या दिवशी साधे जेवण घेऊन वाचलेले पैसे गरिबांसाठी दिले जातात. म्हणजे अवघ्या दहा दिवसांत घराला तीन गोष्टींची तयारी करावयाची होती.

आता पुस्तक दिनाची सूचना दोन प्रकारे लिहिता येते. 'गुरुवारी सर्व मुलांनी आवडत्या पुस्तकातील पात्राच्या वेषात यावे,' एवढेच लिहिले की ज्या घरी पैसा आहे ते दुकानातून पोशाख आणतात. ज्या घरी नाही, तेथे आई रात्री जुने कपडे उलथेपालथे करीत बसते, किंवा मूल त्या दिवशी शाळेतच येत नाही. हे ओळखून अनेक शाळांनी निराळा मार्ग काढला आहे. त्या घरून एक बटाटा सजवून आणावयास सांगतात. त्याला डोळे, टोपी, मिशा लावून एखाद्या पात्राचे रूप द्यावयाचे. बटाटा प्रत्येक घरी असतो. सूचना लिहिताना सर्वांत गरीब घर डोळ्यांपुढे ठेवले, तर कार्यक्रमाचे स्वरूपही बदलते, हे येथे ध्यानात घ्यावे.

देणगीविषयीही हीच दक्षता हवी. तेथील कायद्यानुसार शाळेच्या वेळातील शिक्षणासाठी पैसे आकारता येत नाहीत. ऐच्छिक वर्गणी मागता येते, पण ती न दिल्यामुळे कोणत्याही मुलाला वगळता येत नाही. म्हणून 'ऐच्छिक' हा शब्द पत्रात ठळकपणे लिहावा लागतो. तो गाळला, तर ज्याच्याजवळ नाही त्यालाच मागणीचा भार अधिक वाटतो.

शाळेतील सर्व मुले कॅथलिक नसतात, हेही पत्र लिहिणाऱ्याने विसरून चालत नाही. राखेच्या बुधवारची सूचना देताना त्या दिवशी काय होणार व अन्यधर्मीय मुलांनी काय करावे, हे एका ओळीत सांगितले तर कोणताही पालक परका राहत नाही.

स्मरणसूचनेचे मोल

काही सूचना पुनःपुन्हा कराव्या लागतात व त्यांमागे मोठे कारण असते. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडमधील सरकारी अनुदानित शाळांत पहिल्या तीन वर्गांतील सर्व मुलांना दुपारचे जेवण मोफत मिळते. त्यामुळे अल्प उत्पन्नाच्या पालकांना वेगळा अर्ज करण्याचे कारण वाटत नाही. परंतु २०११ पासून चालू असलेले विशेष अनुदान मुख्यतः मोफत जेवणास उत्पन्नाच्या आधारे पात्र ठरलेल्या मुलांमागेच मिळते; २०२४-२५ साली प्राथमिक शाळेत ते दर मुलामागे १,४८० पौंड होते. अर्ज न झाल्यास ज्या मुलाला अधिक मदत हवी, त्याच्याच नावाची रक्कम शाळेला मिळत नाही. 'अर्ज करावा' एवढ्या सूचनेने हे साधत नाही. जेवण मिळत असतानाही अर्ज का करावा, तो गुप्त कसा राहतो, आणि शाळेत मदत कोण करील, हे तिन्ही सांगावे लागते.

हजेरीचेही तसेच आहे. ऑगस्ट २०२४ पासून विनापरवाना गैरहजेरीसाठी पालकास ८० पौंडांचा दंड होऊ शकतो. हा नियम कळविणे आवश्यकच आहे. पण त्याच्या शेजारी 'सकाळी मुलाला आणण्यात अडचण असल्यास आम्हाला सांगा' ही ओळ नसेल, तर पालक शाळेला तोंड चुकवू लागतो.

न कळणारे शब्द

कॅथलिक शाळांत पोलंडहून, केरळमधून आलेल्या कुटुंबांची मुले पुष्कळ असतात. स्विंडन शहरात तर गोव्याहून गेलेल्यांची मोठी वस्ती आहे. पत्रात 'इन्सेट डे' असे लिहिले, तर नव्याने आलेल्या आईला त्याचा अर्थ कळत नाही व ती मुलाला घेऊन बंद दारापाशी येते. वस्तुतः तो शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा दिवस होय. असे दिवस वर्षाकाठी पाच असतात. 'सोमवारी मुलांना सुट्टी' एवढे लिहिले असते तर तिची खेप वाचली असती.

आपल्याकडील सूचनांतही 'आधार सीडिंग', 'अपार आयडी', 'यू-डायस' असे शब्द पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर जसेच्या तसे जातात. पालकाने कोणता कागद घेऊन कोठे यावयाचे, हे त्यांतून समजत नाही.

आपल्या शाळांसाठी

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम, २००९, याच्या कलम २४ अन्वये मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती यांविषयी पालकांच्या नियमित सभा घेऊन माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्यच आहे. साप्ताहिक पत्र त्या कर्तव्यास पूरक ठरते. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. पत्र ठरलेल्या वारीच द्यावे आणि एका पानात संपवावे.
२. आरंभी चांगले वृत्त द्यावे. शाळेचा निरोप म्हणजे मागणी किंवा तक्रार, अशी समजूत होऊ देऊ नये.
३. प्रत्येक सूचनेत काय करावयाचे, केव्हा करावयाचे व न जमल्यास कोणास भेटावयाचे हे असावे.
४. हजेरी वर्गाची द्यावी. गैरहजर मुलाचे नाव पत्रात वा गटावर कधीही घालू नये.
५. पत्र वर्गात मुलांकडून वाचून घ्यावे, म्हणजे निरक्षर आजीलाही नातवाच्या तोंडून ते कळेल. मुलाचा वाचनाचा पाठही त्यात होतो.
६. ऊसतोडणीसाठी गेलेल्या पालकांना तोच मजकूर बोलून ध्वनिसंदेशाने पाठवावा.

पत्र लिहून झाल्यावर शिक्षकाने गावातील सर्वांत शेवटचे घर आठवावे आणि ते वाचून त्या घरी उद्या काय करता येईल, हे स्वतःस विचारावे. उत्तर मिळाले नाही, तर पत्र पुन्हा लिहावे.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी

१. गेल्या महिन्यात आपल्या शाळेने पालकांना पाठविलेल्या सूचनांपैकी किती सूचनांत घराचा खर्च होता? त्या बिनखर्चाच्या कशा करता आल्या असत्या?
२. कोणत्या पालकांपर्यंत आपला निरोप पोहोचत नाही? त्याची कारणे शोधावीत.
३. 'आधार सीडिंग करून घ्यावे' ही सूचना पालकास समजेल अशा तीन वाक्यांत लिहावी.