मूळ गेम आधी, पुरवणी नंतर

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानाचा उन्हाळी सेलही बहुधा त्याच सुमारास लागतो. नागपूरच्या सीताबर्डीत वह्या-दप्तरांची खरेदी चालू असतानाच फोनवर ‘८० टक्के सूट’ झळकते. म्हणून खरेदीचा क्रम आपण आधीच ठरवून ठेवावा.

१. यंत्र तपासावे. डीएलसी म्हणजे मूळ गेमला पैसे देऊन जोडायची पुरवणी. ती एकटी चालत नाही. ‘सायबरपंक २०७७’ हा गेम प्लेस्टेशन ४ वर चालतो, पण २०२३ मध्ये आलेली त्याची ‘फँटम लिबर्टी’ ही पुरवणी त्या यंत्रासाठी निघालीच नाही. वापरलेली डिस्क घेताना तिचा रीजन, म्हणजे ती कोणत्या प्रदेशासाठी काढली आहे, ते पाहावे. आपले खाते दुसऱ्या रीजनचे असेल, तर पुरवणी त्या डिस्कशी जुळत नाही. खोक्यातला पुरवणीचा कोड एकदाच चालतो; पहिल्या मालकाने तो वापरला असेल असेच धरून भाव करावा.

२. पुरवणीचा प्रकार ओळखावा. एक्सपान्शनमध्ये नवी कथा आणि नवा मुलूख मिळतो. कॉस्मेटिकमध्ये फक्त कपडे नि रंग. २००६ मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ या गेमने घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकले, तेव्हा खेळाडूंनी त्याची यथेच्छ टिंगल केली. आज तेच लोक स्किन, म्हणजे असलेच कपडे नि रंग, विकत घेतात, हा भाग वेगळा!

३. मूळ गेम अर्धा तरी खेळून झाल्याशिवाय पुरवणी घेऊ नये. ‘एल्डन रिंग’ या गेमची ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ ही पुरवणी पैसे भरले म्हणून उघडत नाही. मूळ गेममधले राडान आणि मोग हे दोन बलाढ्य शत्रू आधी हरवावे लागतात. तिथवर न पोहोचलेल्याची पुरवणी नुसती पडून राहते. सीझन पासमध्ये तर पुढे येणाऱ्या पुरवण्यांचे पैसे आजच द्यायचे असतात. माझ्या मते तो टाळलेलाच बरा.

४. परताव्याची मुदत लक्षात ठेवावी. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झाला असेल, तर पैसे परत मागता येतात. डीएलसीसाठी हे दोन तास ती घेतल्यानंतर मूळ गेम किती खेळला यावरून मोजतात. गेम चालू ठेवून जेवायला बसले तरी घड्याळ चालूच राहते. त्यामुळे अडखळणे, बंद पडणे असे दोष पहिल्याच बैठकीत तपासावेत.

५. पैशाची वाट अरुंद ठेवावी. कार्ड खात्याला जोडून ठेवण्यापेक्षा वॉलेटमध्ये यूपीआयने महिन्याची ठरलेली रक्कम भरावी. मुलांच्या फोनवर गुगलच्या फॅमिली लिंकमधून खरेदीला पालकांची मंजुरी सक्तीची करावी. बीजीएमआय या मोबाइल गेममधली यूसी, म्हणजे खेळातले चलन, एका बोटाच्या टिचकीने विकत घेता येते. नकळत खरेदी झालीच, तर गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत परतावा मागावा.

६. तक्रारीची तयारी ठेवावी. ऑर्डर क्रमांक, पावती आणि पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर. ‘स्वस्त यूसी’ म्हणून कुणी पैसे उकळले असतील, तर मात्र थेट १९३० हा सायबर क्रमांक लावावा, आणि तोही लगेच. उशीर होईल तसे पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात.