रास्त भाव कोणाला?

महाराष्ट्रात शिधावाटप दुकानाला ‘रास्त भाव दुकान’ म्हणतात. आपल्याकडे कर्नाटकात त्याच दुकानावर ‘न्याय बेले अंगडी’ अशी कन्नड पाटी असते. एका भाषेत ‘रास्त’, दुसरीत ‘न्याय’, अर्थ एकच. या पाटीवरील न्याय ग्राहकासाठी आहे. परंतु १९८१ साली आपल्याच जिल्ह्यातील निपाणी येथे तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडून बसले, तेव्हा त्यांचीही मागणी रास्त भावाचीच होती. त्या वर्षी ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात १२ शेतकऱ्यांचे प्राण गेले. तंबाखू हे अन्न नव्हे. पण त्या आंदोलनाने विचारलेला प्रश्न अन्नालाही तितकाच लागू पडतो. घेणाऱ्याला परवडेल आणि पिकवणाऱ्यालाही पुरेल, असा भाव असू शकतो काय? मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने नीतीने खरेदी करावी म्हणजे नेमके काय करावे? या प्रश्नाचा वाणिज्याच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. पिशवीची मर्यादा

जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली एक नियम मांडला. कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका त्यातील अन्नावर होणाऱ्या खर्चाचा वाटा अधिक. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणातही हेच दिसते. ग्रामीण भागात एकूण खर्चापैकी सुमारे ४७ टक्के, तर शहरी भागात सुमारे ४० टक्के रक्कम अन्नावर जाते. ज्या घरात निम्मा पैसा किराणा, दूध व भाजीत संपतो, त्या घराला ‘चार पैसे जास्त मोजा, पण चांगले घ्या’ असा उपदेश करणे सोपे आहे. ते चार पैसे मुलांच्या दुधातून किंवा वह्यापुस्तकांतून काढावे लागतात, हे उपदेश करणारा विसरतो.

खेड्यात हा पेच अधिकच विचित्र आहे. सांबऱ्यासारख्या बेळगावलगतच्या गावांतून भाजीपाला शहरात जातो. आमच्या घरचेच सांगायचे तर सकाळी फ्लॉवरला भाव मिळाला नाही म्हणून वडील कष्टी असतात, आणि संध्याकाळी तूरडाळ महागली म्हणून आई. सकाळी आम्ही उत्पादक, संध्याकाळी ग्राहक. स्वस्ताई आणि महागाई या दोन्हींची झळ एकाच चुलीला लागते.

२. मधला वाटा

मग पैसा जातो कोठे? रिझर्व्ह बँकेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासनिबंधांत याचे उत्तर सापडते. ग्राहकाने मोजलेल्या रुपयातून शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोचे सुमारे ३३ पैसे, कांद्याचे ३६ पैसे आणि बटाट्याचे ३७ पैसे पडतात. कडधान्यांत मात्र चित्र वेगळे आहे. हरभऱ्यात ७५ पैसे, मुगात ७० आणि तुरीत ६५ पैसे त्याला मिळतात. जो माल टिकतो, तो शेतकरी थोडा थांबवून धरू शकतो; जो नासतो, तो मिळेल त्या भावाने सोडावा लागतो.

परंतु मधला सारा पैसा म्हणजे लूट, असे समजणेही चुकीचे ठरेल. त्यात अडत आहे, हमाली आहे, गाडीभाडे आहे, सडलेल्या मालाची तूट आहे, आणि उन्हात दिवसभर बसणाऱ्या भाजीवाल्या मावशीची मजुरीही आहे. आपण पाकिटातल्या बिस्किटांवर छापलेली किंमत निमूटपणे देतो आणि मेथीच्या पेंढीसाठी मात्र त्या मावशीशी घासाघीस करतो. काटकसर करावी, पण जो सर्वांत दुबळा त्याच्याचकडून ती वसूल करू नये.

३. संघटित ग्राहक

हा पेच सोडवण्याचा एक मार्ग इंग्लंडमधील रॉचडेलच्या गरीब कामगारांनी दाखवला. पिठात भेसळ, वजनात काटछाट आणि उधारीचा फास यांना कंटाळून २८ जणांनी प्रत्येकी एक पौंड भांडवल जमवले आणि २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन या गल्लीत दुकान उघडले. माल फक्त पीठ, ओटचे पीठ, साखर, लोणी आणि मेणबत्त्या एवढाच. शुद्ध माल, पुरे वजन, रोख व्यवहार आणि नफ्याचा वाटा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात, हे त्यांचे नियम होते. ते लोक श्रीमंत नव्हते, आणि नीतीसाठी त्यांनी अधिक पैसाही मोजला नाही. त्यांनी खरेदीची पद्धत बदलली.

आपल्या देशात १९०४ च्या कायद्यानंतर अगदी सुरुवातीच्या काळात एक सहकारी संस्था उभी राहिली ती आपल्याच राज्यातील गदगजवळच्या कणगिनहाळ येथे, १९०५ साली, सिद्दनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने. ती संस्था पतपुरवठ्याची होती. ग्राहकांच्या बाजूने मराठी मुलखात मोठे काम झाले ते ग्राहक पंचायतीचे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ही चळवळ सुरू केली; १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. संगीतकार सुधीर फडके यांचाही त्या कार्यात सहभाग होता. शेजारची काही कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात, महिन्याची यादी व पैसे आधी देतात, माल एकगठ्ठा खरेदी होतो आणि वाटपाचे काम सभासद स्वतःच करतात. दुकानाचे भाडे नाही, जाहिरातीचा खर्च नाही. त्यामुळे भाव उतरतो, तो कोणाच्या पोटावर पाय देऊन नव्हे.

४. एका क्रेटचा हिशेब

समजा, बाजारात टोमॅटो ४० रुपये किलो आहेत. वरील प्रमाणाने शेतकऱ्याला त्यातील सुमारे १३ रुपये मिळतील. आता आठ कुटुंबांनी मिळून २५ किलोचा क्रेट शेतकऱ्याकडून २० रुपये दराने थेट घेतला. मालाचे ५०० रुपये, रिक्षाचे १०० रुपये, एकूण ६००. त्यातील दोन किलो खराब निघाले, असे धरू. उरलेल्या २३ किलोंचा भाव सुमारे २६ रुपये पडतो. शेतकऱ्याला किलोमागे ७ रुपये अधिक मिळाले आणि ग्राहकाचे १४ रुपये वाचले.

मात्र या हिशेबात एक रकाना रिकामा राहतो. क्रेट आणायचा कोणी, निवडायचा कोणी, वाटायचा कोणी? हे काम बहुधा घरातील स्त्रियांवर पडते आणि त्याची किंमत कोठेच मांडली जात नाही. ती पाळीपाळीने सर्वांनी उचलली नाही, तर एकाला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय होईल. शिवाय सर्वच भाजी थेट घेतली, तर मावशीची टोपली रिकामी कशी व्हायची?

५. अग्रक्रम

म्हणून ज्याची पिशवी लहान, त्याने नीतीची यादीही क्रमवार करावी. पहिला क्रम निर्भेळ माल व पुरे वजन यांना. सरकारी शिक्का असलेला तराजू आणि पाकिटावरील वजन, तारीख व किंमत पाहण्यास एक पैसाही लागत नाही. दुसरा क्रम हंगामाला. हंगामातली भाजी स्वस्त असते. तिसरा, डाळ, तांदूळ, तेल असा टिकाऊ माल चार घरांनी मिळून महिन्याला एकदम घ्यावा. चौथा, त्यातून जे वाचेल त्याचा थोडा भाग पालेभाजीवालीशी घासाघीस न करण्यात खर्चावा. सेंद्रिय म्हणून दुप्पट दराने विकला जाणारा माल शेवटच्या क्रमाला. तो घेता आला नाही म्हणून कोणी अनीतिमान ठरत नाही. रेशनचे धान्य हा तर कायद्याने दिलेला हक्क आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते. ते घेण्यात कमीपणा नाही. वजन कमी आल्यास मुकाट्याने परतण्यात मात्र आहे.

वाणिज्य शाखेतील मित्रांना शेवटी एक सूचना करावीशी वाटते. आपण वर्गात नफातोट्याची पत्रके करतो. त्याऐवजी एका सत्रात, दर आठवड्याला एका भाजीचा शेतकऱ्याला मिळालेला भाव आणि आपल्या घरी पडलेला भाव एका वहीत शेजारी शेजारी लिहून पाहू. मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांतील विद्यार्थी खेड्यांतून येतात. माहिती घरीच मिळेल. रास्त भाव म्हणजे किती, हे पाटीवरून कळत नाही. ते त्या दोन रकान्यांमधील अंतरावरून कळू लागेल.